केळझरकरांचे चाळीस टक्के

सेलूच्या बाजारात माधव केळझरकर भाजीच्या पालासमोर उभे राहून ‘अर्धा किलो वांगी द्या’ एवढंच म्हणाले, तरी पुढे उभी असलेली बाई मागे वळून बघायची. चेहरा ओळखीचा नसायचा, आवाज असायचा. मग ती हसून म्हणायची, “तुमीच काय जी ते कबड्डीवाले?”

माणूस तसा किडकिडीत. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, सायकलच्या कॅरिअरला रेक्झिनची बॅग. वडील पोस्टात होते. माधवराव शहाऐंशी साली सेलूच्याच बोरतीर महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि पत्रांचे मसुदे, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म यांत त्यांची वर्षं जाऊ लागली. बायको शरयू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांचे पगार, भाड्याचं घर, सगळं बेताचं आणि नीट.

कॉलेजात दर जानेवारीत मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा व्हायची. संस्थापकांच्या पत्नीच्या नावाचा चषक होता. त्र्याण्णव साली समालोचनाला नागपूरहून बोलावलेला माणूस आलाच नाही. प्राचार्य घाबरेघुबरे झाले आणि ‘नोटिसा तुम्हीच मोठ्यानं वाचता ना, वाचा’ म्हणत त्यांनी माईक माधवरावांच्या हातात दिला. पहिली पाच मिनिटं माधवराव पुस्तकी मराठीत अडखळत बोलले. ‘सदर चढाईपटू प्रतिस्पर्धी संघाच्या क्षेत्रात प्रविष्ट झालेली आहे’ असलं काहीतरी. मैदानावरचे लोक शेंगदाणे खात बसले होते. तेवढ्यात आर्वीकडची एक बुटकी मुलगी चौघींच्या पकडीतून सुळकन निसटली, मध्यरेषेला हात लावून आली आणि माधवरावांच्या तोंडून निघून गेलं, “अरे निसटली ना बाप्पा! चौघीजणी एकमेकीईलेच धरून बसल्या!”

सगळं मैदान खदखदून हसलं. त्या दिवसापासून माधवरावांनी माईकवर पुस्तकी मराठी बोलणं सोडून दिलं. घरी आजी बोलायची तसं ते बोलायचे. खेळाडूंची नावं, गावं, कोणाचा बाप काय करतो, कोण मागच्या वर्षी कशी पडली होती, सगळं त्यांना पाठ. हरणाऱ्या संघाचंही ते इतकं मनापासून कौतुक करायचे, की हरलेल्या मुली जाताना त्यांच्या पाया पडून जायच्या. मानधन म्हणून एक नारळ मिळायचा. त्यांची काही तक्रार नव्हती.

गावात धर्मेंद्र नावाचा तरुण व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायचा. पुढे त्यानं गच्चीवर छत्री लावली आणि घरोघर केबल नेली. दोन हजार एक साली त्यानं हौसेनं एक कॅमेरा मैदानात आणून उभा केला आणि अंतिम सामना थेट घरांत दाखवला. त्या सकाळी सेलूतली दुकानं रिकामी पडली. पुढच्या वर्षी हिंगणी, केळझर आणि वर्ध्याच्या केबलवाल्यांनीही जोड मागितली. आता म्हाताऱ्या बायका पलंगावर पडल्या पडल्या पोरींची कबड्डी पाहू लागल्या. पाहायच्या जितक्या, त्याहून जास्त माधवरावांना ऐकायच्या.

आणि जिथं माणसं जमतात तिथं जाहिरातीची पाटी लागते. बियाणेवाले, ट्रॅक्टरवाले, सराफ, साडीवाले धर्मेंद्रकडे येऊ लागले. ही गोष्ट संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव यांच्या कानावर गेली. संस्थापकांचे हे चिरंजीव. पांढरी सफारी, बोलणं मऊ, पण समोरच्याला बसा म्हणायची सवय नाही. त्यांनी धर्मेंद्रला बोलावून सांगितलं, “मैदान आमचं, पोरी आमच्या, चषक आमचा. फुकट दाखवणं बंद. हक्क विकत घ्यायचे.”

धर्मेंद्रनं घेतले. दोन हजार तीनला पंचाहत्तर हजार, पुढच्या वर्षी एक लाख दहा, त्याच्या पुढच्या वर्षी एक लाख साठ, असा तीन वर्षांचा करार ठरला. तो टाईप करायला अर्थातच माधवरावांकडे आला. प्राचार्य टेबलाशी येऊन म्हणाले, “केळझरकर, विद्यापीठाची परवानगी लागते. खेळाडूंच्या भल्याचं एखादं वाक्य टाका. काही टक्के वगैरे.”

“किती टक्के, सर?”

“टाका हो तुम्हाला योग्य वाटतील तेवढे. कोण वाचतं?”

माधवरावांनी क्षणभर विचार केला. पास व्हायला पस्तीस लागतात, त्यावर पाच आपल्याकडून, असा हिशेब करून त्यांनी कलम पाच टाईप केलं: ‘प्रक्षेपण हक्कांपोटी प्राप्त होणाऱ्या रकमेपैकी चाळीस टक्के रक्कम खेळाडू कल्याण निधीत जमा करण्यात येईल व ती केवळ खेळाडूंचा आहार, विमा व औषधोपचार यांसाठीच वापरण्यात येईल.’ सदाशिवरावांनी न वाचता सही केली. विद्यापीठाची परवानगी आली. फाईल कपाटात गेली.

दोन हजार चारच्या दिवाळीत माधवरावांच्या बहिणीचा मुलगा साकेत अमेरिकेतून फोनवर बोलत होता. तो तिकडे शिकायला गेला होता. मामाच्या कबड्डीची चौकशी करून म्हणाला, “मामा, इथं कॉलेजच्या फुटबॉलले लाख लाख माणूस जमते. टीव्हीवाले त्याच्यासाठी करोडो डॉलर मोजतात. कोचले तर कॉलेजच्या प्रेसिडेंटपेक्षा जास्त पगार.”

“आन् पोराईले?”

“फी माफ. राहणं-खाणं. बाकी काही नाई. ते हौशी हायत म्हणतात. गुडघा गेला का गेला.”

माधवराव हसले. “मंग आपलं बरं हाय. आपल्याकडं तर कोणालेच काही नाई.”

हे वाक्य पुढे त्यांना फार दिवस छळत राहिलं.

त्या वर्षी कॉलेजच्या संघात आचल नावाची एक मुलगी होती. आईचं, देवकाबाईंचं, बसस्टँडसमोर किराण्याचं दुकान; वडील मधुकरराव गावोगावचे आठवडी बाजार करायचे. आचल उंच, लांब हातापायांची. चढाईला गेली की समोरच्या सातजणी आपोआप मागे सरकायच्या. वर्ध्याच्या केबलवर तिचा चेहरा सराफाच्या जाहिरातीत झळकला होता. त्याचे पैसे संस्थेला मिळाले आणि तिला स्टीलचा डबा मिळाला.

दोन हजार पाचच्या जानेवारीत अंतिम सामना नेहमीप्रमाणे सकाळी आठला नव्हता. संध्याकाळी सहाला लोक टीव्हीसमोर असतात म्हणून तो संध्याकाळी ठेवला होता. दिवे लावले होते. पण दिव्यांत धूळ उडाली की कॅमेऱ्याला काही दिसेना. म्हणून सामन्याच्या आधी टँकर आणून मैदानावर पाणी मारलं. क्रीडाशिक्षिकेनं सांगून पाहिलं, चिखल होईल, पाय रुतेल, तासभर थांबा. पण जाहिरातींच्या वेळा ठरल्या होत्या.

उत्तरार्धात आचल चढाईला गेली. माधवराव माईकवर रंगात आले होते, “गेली, गेली, आचल गेली, कोपऱ्यावरचीले हात लावला, आता वापस...” आणि तिनं वळायला पाय रोवला. पाय मातीत रुतला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. ती खाली पडली आणि दोन्ही हातांनी पाय धरून ओरडली. सामना थांबला. माधवराव खुर्चीतून अर्धे उठले. त्याच वेळी बाजूनं कोणीतरी चिठ्ठी सरकवली. इतक्या वर्षांची सवय. चिठ्ठी आली की वाचायची. त्यांनी वाचली.

“ही विश्रांती आपल्यासाठी घेऊन येत आहेत, शेतकऱ्यांच्या पसंतीचं, भरघोस उत्पन्नाचं...”

तिकडे चौघीजणी आचलला उचलून नेत होत्या.

चार दिवसांनी माधवराव तिच्या घरी गेले. गुडघा उशीएवढा सुजला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला लिगामेंट तुटला, ऑपरेशन करावं लागेल, सत्तर हजारांच्या आसपास खर्च. माधवरावांनी नेलेली संत्री देवकाबाईंनी मुकाट्यानं घेतली. आचल भिंतीकडे बघत होती. मग तिनं मान वळवली.

“सर, मी पडली तवा तुमी जाहिरात वाचली.”

“चिठ्ठी आली, बाई. मी...”

“मले सगळं ऐकू येऊन राह्यलं होतं. मी बोंबलून राह्यली होती आन् तुमी बियाणं विकून राह्यले होते.”

माधवराव उठले. ते सायकल हातात धरून घरापर्यंत पायीच आले. शरयूनं विचारलं तर म्हणाले, “पोरगी खरं बोलली.” 

देवकाबाई कॉलेजात आल्या. माधवराव कागद घेऊन अध्यक्षांच्या खोलीतच उभे होते. शाल-श्रीफळ देऊन आचलचा सत्कार करायचं सदाशिवरावांनी देवकाबाईंजवळ कबूल केलं. खर्चाचं विचारताच ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, ही मुलं हौशी खेळाडू. हौसेनं खेळतात. हौसेला मोल नसतं. संस्थेनं पैसे दिले तर खेळाचा धंदा होईल.”

देवकाबाई म्हणाल्या, “साहेब, शाल गुडघ्याले बांधू का नारळ? तिच्या थोबाडावर सराफानं जाहिरात केली तवा धंदा नव्हता झाला?” आणि चालत्या झाल्या.

माधवरावांनी त्या दुपारी कपाट उघडून कराराची फाईल काढली. तीन वर्षांचे तीन लाख पंचेचाळीस हजार. त्याचे चाळीस टक्के, एक लाख अडतीस हजार. निधीच्या नावानं खातंच उघडलेलं नव्हतं. खेळाडूंवर झालेला खर्च होता केळी आणि ग्लुकोजचा, चार हजार दोनशे. आणि कॉलेजच्या तोंडाशी सदाशिवरावांच्या वडिलांच्या नावाचं संगमरवरी प्रवेशद्वार उभं राहिलं होतं. ते कशातून झालं, हे त्या फाईलमधल्या पावत्यांनी सांगितलं.

त्यांनी रीतसर टिपणी लिहिली. कलम पाचकडे लक्ष वेधलं. प्राचार्यांनी कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून परत पाठवली. दुसरी लिहिली. ‘पाहिले.’ तिसऱ्या टिपणीनंतर प्राचार्यांनी त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं. “केळझरकर, ते कलम तुम्हीच टाकलं ना? मग तुम्हीच विसरा.”

“सर, मी टाकलं, पण सही अध्यक्षांची आहे.”

“तुम्हाला अजून बारा वर्षं नोकरी आहे,” प्राचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, कणव होती. माधवरावांना तिचाच जास्त राग आला.

ऑक्टोबरात माहितीच्या अधिकाराचा नवा कायदा लागू झाला. देवकाबाईंनी दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला. मसुदा माधवरावांचा होता, अक्षर रुचिकाचं, आचलच्या धाकट्या बहिणीचं. महिन्यानं उत्तर आलं की मागितलेली माहिती व्यापारी गोपनीयतेत मोडते. ते उत्तर टाईप करायलाही माधवरावांकडेच आलं होतं. त्यांनी ते एकही चूक न करता टाईप केलं, सहीला पाठवलं, आणि घरी येऊन शरयूला म्हणाले, “यंदाचा सामना जानेवारीच्या बावीस तारखेला हाय. मी काही बोलीन. मंग नोकरीचं काय होईल ते सांगता येत नाई.”

शरयू वह्या तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं. “चूक बोलशील?”

“एक आकडा चूक नसंन.”

“मग माझा पगार आहे. गच्चीवरचं पत्र्याचं काम यंदा नाही करायचं.” आणि तिनं पुढची वही ओढली.

दोन हजार सहाचा सामना. नवा करार दोन लाखांचा झाला होता. मैदानाभोवती सव्वीस पाट्या. आर्वीविरुद्ध बोरतीर. पुढच्या रांगेत सदाशिवराव, पाहुणे, सत्काराचे हार. माधवरावांच्या टेबलावर दोन वायरी यायच्या. एक मैदानातल्या भोंग्यांना, दुसरी धर्मेंद्रच्या पेटीतून थेट केबलला. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सुरुवात केली, नेहमीसारखी. आर्वीच्या पहिल्या चढाईला मैदान हसलं. दुसऱ्या चढाईला आर्वीच्या मुलीनं बोनस रेषा ओलांडली.

“घेतला! बोनस घेतला पोरीनं! तिले एक गुण भेटला. आता संस्थेले किती भेटले ते बी ऐका. मायबाप, तुमी घरी बसून जे पाहून राह्यले, त्याचे दोन लाख रुपये यंदा संस्थेले भेटले. गेल्या तीन वर्साचे तीन लाख पंचेचाळीस हजार. पाह्यजो, बोरतीरची पोरगी गेली चढाईले, डाव्या कोपऱ्याकडं चालली... करारात कलम पाच हाय. ते मी सोताच्या हातानं टाईप केलं. चाळीस टक्के खेळाडूईचे. एक लाख अडतीस हजार. पोरीईले भेटले किती? चार हजार दोनशेचे केळं... धरली, धरली, सुटली! शाब्बास!”

 पुढच्या रांगेतले हार मांडीवरच राहिले. सदाशिवरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी प्रेमदास शिपायाकडे पाहिलं. प्रेमदास टेबलाशी आला, खाली वाकला आणि वायरींमध्ये हात घालून बसला.

“काढ ना बे!” मागून कोणी ओरडलं.

“कोणती ते सापडून नाई राह्यली, साहेब,” प्रेमदास टेबलाखालून म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.

शेवटी कोणीतरी भोंग्यांची वीजच बंद केली. भोंगे मेले. मैदानातल्यांना आता माधवरावांचे फक्त ओठ हलताना दिसत होते. पण पेटीची बॅटरी वेगळी होती. सेलूत, हिंगणीत, वर्ध्यात, घराघरांतल्या टीव्हीवर आवाज स्वच्छ येत होता.

“मागच्या वर्षी ह्याच मैदानात आचल पडली. धूळ दिसू नये म्हणून पाणी मारलं होतं. ती खाली बोंबलून राह्यली होती आन् मी जाहिरात वाचून राह्यलो होतो. ते पाप माहं हाय. त्याच्यासाठी मी इथं तिची माफी मांगतो. पण गुडघ्याचे पैसे माह्यापाशी नाईत, ते संस्थेपाशी हायत. ते कुठं गेले ते पाहाचं असंन तर कॉलेजच्या गेटपाशी या आन् मान वर करून पाहा.”

सदाशिवराव उठून धर्मेंद्रकडे गेले. धर्मेंद्र कॅमेऱ्यापाशी उभा होता. “बंद कर ते!”

धर्मेंद्रनं कॅमेऱ्यावरचा हात काढला नाही. बाजारात त्याचा धंदा होता, अध्यक्षांशी वाकडं घेणं परवडणारं नव्हतं. पण वर्षभर लोक त्यालाही बोल लावत होते, पोरीच्या जिवावर पैसा कमावला म्हणून. तो म्हणाला, “साहेब, दोन लाख देल्ले मी. सहा ते आठ हक्क माहे हायत. करारात लिवलं हाय, या वेळात प्रक्षेपण थांबवता येणार नाई. काऊन थांबवू?”

ते कलम सातही माधवरावांनीच टाईप केलेलं होतं. अध्यक्षांच्या सांगण्यावरून, धर्मेंद्रनं मध्येच पळ काढू नये म्हणून.

आणि मग लोक येऊ लागले. घरी टीव्हीवर ऐकलेले लोक चपला घालून मैदानाकडे निघाले. साड्यांच्या दुकानातले गजेंद्र शेठ गल्ला सोडून आले. त्यांची पाटी पश्चिमेच्या बाजूला लागली होती. बायका आल्या. वीस मिनिटांत कुंपणाला माणसं टेकली. माधवराव बोलत होते, मुली खेळत होत्या. सामना बत्तीस-एकोणतीसनं आर्वीनं जिंकला आणि माधवरावांनी त्यांच्या सातही मुलींची नावं घेऊन, गावं सांगून, शेवट केला. मग माईक टेबलावर ठेवला. सायकलचं कुलूप प्रेमदासनं उघडून दिलं.

तिसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र आलं. गोपनीयतेचा भंग, संस्थेची बदनामी, शिस्तभंग. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या; टाईप दुसऱ्या कोणीतरी केलं होतं. अर्धा पगार सुरू राहिला. त्यापाठोपाठ निरोप आला, दोन ओळींचा माफीनामा द्या, सगळं मिटेल. निरोप घेऊन प्राचार्य स्वतः घरी आले होते. शरयूनं चहा केला.

“भावनेच्या भरात बोललो, एवढंच लिहा,” प्राचार्य म्हणाले.

“भावनेच्या भरात आकडे बरोबर येत नाहीत, सर.”

“तुमच्या हातात काय येणार आहे यातून?”

“माझ्या हातात काही यायचंच नाही. पैसे पोरींचे आहेत.”

प्राचार्यांनी कप खाली ठेवला. जाताना दारात थांबून ते हळूच म्हणाले, “मी तुमच्या जागी असतो तर लिहून दिलं असतं.” माधवराव म्हणाले, “मला माहीत आहे,” आणि ते वाईट वाटावं म्हणून म्हणाले नाहीत, पण प्राचार्यांना लागलं.

तिकडे धर्मेंद्रनं स्वतःच्या अब्रूसाठी एक गोष्ट केली. संध्याकाळच्या सिनेमाच्या खाली जाहिरातींची पट्टी सरकायची, तीत त्यानं मजकूर टाकला: ‘आम्ही संस्थेला चार वर्षांत दिलेली रक्कम पाच लाख पंचेचाळीस हजार. पावत्या दुकानात पाहायला मिळतील.’ आठ दिवस ती पट्टी नायक-नायिकांच्या पायाखालून सरकत राहिली. लोक खरोखर दुकानात जाऊन पावत्या पाहून आले.

देवकाबाई दुकानादुकानांतून फिरल्या. व्यापाऱ्यांना त्या एकच विचारायच्या, “तुमी पाटीचे पैसे देल्ले ते पोरीईसाठी देल्ले का गेटासाठी?” व्यापारी माणूस दान विसरतो, पण फसवलं गेलेलं विसरत नाही. पुढच्या जानेवारीत मैदानाभोवती एकही पाटी लागली नाही. धर्मेंद्रनं हक्क घेतले नाहीत. कॅमेऱ्याशिवाय, भोंग्याशिवाय, सकाळी आठ वाजता, पन्नासेक माणसांसमोर सामना झाला. त्या सकाळी सदाशिवराव आलेच नाहीत.

माधवराव त्या काळात गावोगावच्या सामन्यांना जायचे. रोहण्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून, गिरडला टेकडीखालच्या मैदानात. कॉलेजनं विद्यापीठाला पत्र लिहून कॉलेजच्या स्पर्धांत त्यांना माईक देऊ नये असं कळवलं होतं. गावांना तसलं पत्र कोण लिहिणार? लोक जेवायला घालायचे, एसटीचं भाडं द्यायचे. शरयू रविवारी कधी कधी सोबत जायची आणि मागच्या रांगेत बसून वह्या तपासायची.

चौकशी चौदा महिने चालली. चौकशी अधिकारी नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ होते, कान थोडे जड. त्यांनी सगळे कागद पाहिल्यावर प्राचार्यांना विचारलं, “हे जे बोलले, त्यात खोटं काय होतं?”

प्राचार्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, “खोटं काही नव्हतं.”

“मोठ्यानं बोला.”

“खोटं काही नव्हतं, सर.”

त्या एका वाक्यासाठी माधवरावांनी प्राचार्यांचं बाकी सगळं माफ केलं. निकाल मात्र सगळा त्यांच्या बाजूनं लागला नाही. परवानगी न घेता बोलल्याबद्दल एक वेतनवाढ रोखली आणि कामावर परत घेतलं. कॉलेजच्या मैदानावरचा माईक त्यांना पुन्हा मिळाला नाही. वर्ध्याहून एक सुशिक्षित निवेदक येऊ लागला. तो खेळाडूंना ‘चढाईपटू’ म्हणायचा.

पाट्या परत हव्या होत्या, म्हणून दोन हजार सातच्या जुलैत निधीचं खातं उघडलं गेलं आणि पहिला धनादेश आचलच्या नावानं निघाला. तिचं ऑपरेशन मामाकडून हातउसने घेऊन वर्षभर आधीच झालं होतं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले होते. चालेल, धावेल, पण झटक्यात वळता येणार नाही. आचलनं धनादेश घेतला, सही केली आणि आभार मानले नाहीत. सदाशिवरावांनी फोटोसाठी हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “फोटोचे हक्क कोणाले इकले?” आणि बाजूला सरकली. दुसऱ्या वर्षी तिनं पंच परीक्षा दिली. माधवरावांशी ती पुढे नीट बोलायची, पण ‘सर’ म्हणताना तिच्या आवाजात पहिली जवळीक परत आली नाही. माधवरावांनी ती मागितलीही नाही.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये पाट्या परत लावताना व्यापाऱ्यांनी घातलेल्या अटीप्रमाणे स्पर्धेचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावायचं ठरलं. प्राचार्यांनी हातानं लिहिलेला कागद माधवरावांकडे पाठवला. आहार, विमा, पंचांचं मानधन, आणि शेवटी ‘इतर खर्च, एकवीस हजार’. माधवराव कागद घेऊन उठले. प्राचार्यांच्या खोलीत सदाशिवरावही बसलेले होते. बसा कोणी म्हटलं नाही. माधवराव समोरची खुर्ची ओढून बसले.

“इतर म्हणजे काय, साहेब?”

“इतर म्हणजे इतर,” सदाशिवराव म्हणाले. “टाईप करा.”

“एकवीस हजारांची पावती द्या, टाईप करतो. सव्वापाचपर्यंत मी आहे. उद्या साडेदहाला परत येईन.”

सदाशिवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. प्राचार्य कपाटाकडे गेले आणि पावत्यांच्या फायली काढू लागले. माधवराव कागद मांडीवर ठेवून बसून राहिले.